भरपाई आणि जबाब

आमच्याकडील दैनिकांच्या जिल्हा-पानावर एक वाक्य अधूनमधून छापून येते : ‘रेल्वेखाली सापडून कामगार ठार.’ व्याकरण शिकविण्यात आयुष्य गेलेल्यांना हे वाक्य चटकन ओलांडता येत नाही. क्रियापद गाळलेले आहे, आणि कर्ता म्हणावा तर जो मेला तोच. ‘सापडणे’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. हरवलेली वस्तू सापडते, चोर सापडतो, वाटसरू पावसात सापडतो. सापडण्याचे कारण सापडणाऱ्याच्या दैवात किंवा वागण्यात असणार, असे भाषा गृहीत धरून चालते. गाडी येत असल्याची वर्दी त्या टोळीस मिळाली होती काय, लाल झेंडी घेऊन कोणास किती अंतरावर उभे केले होते, रूळ कामासाठी मोकळा असल्याचे कोणी कोणास कळविले होते, या प्रश्नांना त्या वाक्यात जागा नाही. पोलीस ठाण्यात त्याच घटनेची नोंद ‘अकस्मात मृत्यू’ अशी होते. संस्कृतात ‘कस्मात्’ म्हणजे कशामुळे. ‘अकस्मात’ म्हणजे ज्याच्या बाबतीत ‘कशामुळे’ हा प्रश्नच उरत नाही ते.

आम्ही कायद्याचे अभ्यासक नाही, मराठीचे शिक्षक आहोत. परंतु कामावर मेलेल्या माणसाविषयी मालकाचे दायित्व ठरविणारा कायदा शेवटी काही शब्दांवरच उभा असतो, आणि ते शब्द वाचण्याचा प्रसंग काही वर्षांपूर्वी आमच्यावर एका विद्यार्थ्यामुळे आला. त्या वाचनातून जे हाती लागले ते असे : गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत आपल्या कायद्याने ‘किती द्यायचे’ या प्रश्नाचे उत्तर बऱ्यापैकी शिकून घेतले, ‘काय झाले’ या प्रश्नाचे उत्तर मेलेल्याच्या घरी पोचविण्याचे मात्र त्याने अजून मनावर घेतलेले नाही.

नांदेड आणि लातूर ही शहरे नकाशावर जवळ आणि रुळांवर दूर आहेत. रस्त्याने दीडशे किलोमीटरांच्या आत भरणारे अंतर आगगाडीने काटायचे तर पूर्णा, परभणी, परळी, लातूर रोड असा मोठा वळसा पडतो. नांदेड हे दक्षिण मध्य रेल्वेच्या एका विभागाचे मुख्यालय आहे. हा विभाग २००३ साली झाला. लातूर मात्र मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात मोडते. इतिहासही निराळा. नांदेडवरून जाणारा मनमाड-सिकंदराबाद मार्ग निजामाच्या राज्यात विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मीटर गेजने आला. लातूरला १९११ साली बार्शी लाइट रेल्वे या खासगी कंपनीची अडीच फुटी गाडी पोचली. ती कंपनी सरकारने १९५४ साली विकत घेतली. पुढे दोन्हीकडचे रूळ रुंद झाले. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी धावली ती याच रुंद झालेल्या मार्गाने. त्या गाडीची छायाचित्रे देशभर छापून आली. तिच्याखालची खडी ज्यांनी सावरली, त्यांचे चित्र कोणी काढल्याचे आम्हांस आठवत नाही.

आम्ही या मार्गांवरून अनेक वर्षे जाऊन-येऊन अध्यापन केले. डब्याच्या खिडकीतून दिसणारी ती माणसे वाचकांनीही पाहिली असतील : नारिंगी जाकिटे, खांद्यावर पहार, गाडी जवळ येताच रुळाबाहेर खडीच्या उतारावर सरकून पाठमोरी किंवा तोंड फिरवून उभी. गँगमन हे त्यांचे जुने नाव. आता दप्तरी ‘ट्रॅकमेंटेनर’ म्हणतात. कीमन रोज आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासतो. पूर्वी तो रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या ठोकीत जाई. चाव्या जाऊन क्लिपा आल्या तरी त्याचे नाव राहिले. पावसाळ्यात रात्रीची गस्त असते. रुळांचे नूतनीकरण, दुहेरीकरण, विजेचे खांब ही कामे बहुतेक ठेकेदारांकडून होतात, आणि त्या कामांवर याच जिल्ह्यांतील कोरडवाहू गावांची माणसे रोजंदारीने जातात.

ही माणसे कोण, हा प्रश्न मराठी वाचकास नवा नाही. नांदेडचा मार्ग जेथून सुरू होतो त्या मनमाडला १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू म्हणून सांगितले ते याच परिषदेत. त्या भाषणाचा दुसरा भाग कमी आठवला जातो. अस्पृश्य माणूस रेल्वेत शिरला तर जन्मभर गँगमनच राहतो. स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरचीही कामे करून घेतात, म्हणून पोर्टरची जागासुद्धा त्याला मिळत नाही, हे त्यांनी तेथे मांडले होते. रुळावरचा धोका कोणाच्या वाट्यास येतो, याचे उत्तर बऱ्याच अंशी नेमणुकीच्या त्या पद्धतीतच होते.

आता कायद्याकडे वळू. इंग्रजी परंपरेतील जुना नियम ऐकून आजचा विद्यार्थी दचकतो. त्या नियमाप्रमाणे एखाद्याच्या निष्काळजीपणाने माणूस जखमी झाला तर तो नुकसानभरपाई मागू शके; तो मेला तर त्याच्याबरोबर त्याचा दावाही मरे. घरच्यांना काही मागता येत नसे. अर्थात जखमी करण्यापेक्षा जीव घेणे स्वस्त पडे. इंग्लंडने हे १८४६ साली बदलले. आपल्याकडे ब्रिटिश हिंदुस्थानात घातक अपघातांचा कायदा १८५५ साली झाला. म्हणजे बोरीबंदर-ठाणे गाडी सुटल्यानंतर दोन वर्षांनी. मृताची पत्नी, पती, आईबाप व मुले यांना प्रथमच दावा सांगता आला.

परंतु दावेदार कामगाराची विधवा असेल, तर तिच्यासमोर आणखी एक भिंत होती. एकाच मालकाच्या दोन नोकरांपैकी एकाच्या चुकीने दुसरा मेला, तर मालक जबाबदार नाही, कारण नोकरी पत्करतानाच नोकराने सोबत्याच्या चुकीचा धोकाही पत्करलेला असतो, असा सिद्धान्त इंग्लंडात १८३७ च्या एका निकालातून रूढ झाला होता. अमेरिकेत तो रेल्वेच्याच संदर्भात घट्ट झाला. सांधेवाल्याच्या चुकीने हात गमावलेल्या एका इंजिनचालकाचा दावा मॅसॅच्युसेट्सचे मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ यांनी १८४२ साली फेटाळला; धोक्याचा मोबदला वाढीव पगारात आलाच आहे, अशी त्यांची मांडणी होती. साहित्याच्या विद्यार्थ्यांस हे शॉ दुसऱ्या नात्याने ठाऊक असावेत : ते हर्मन मेलव्हिलचे सासरे. कामगाराने सर्व समजून-उमजून धोका विकत घेतला, ही एक कथा आहे आणि ती न्यायालयाने रचलेली आहे. आमच्याकडच्या रोजंदारीवरच्या माणसाने पहार उचलताना असा काही करार मनाशी केला असेल, हे कोणत्याही कादंबरीत वाचकाला पटणार नाही.

या कथेला हिंदुस्थानात पहिला खणखणीत नकार मिळाला तो मराठी मुलखात. जी. आय. पी. रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याचा सहकाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला. त्याच्या विधवेचा दावा ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट विरुद्ध रुक्मिणीबाई’ या नावाने नागपूरच्या उच्च न्यायालयात १९३७ साली निकाली निघाला. मुख्य न्यायाधीश स्टोन यांच्या म्हणण्याचा आशय असा : येथील न्यायालयांनी न्याय, समता व सद्सद्विवेक यांना धरून इंग्रजी कायदा घ्यायचा आहे, तर आजचा घ्यावा, कालचा नव्हे. इंग्लंडने स्वतः कायदे करून जो सिद्धान्त छाटत आणला, तो आपण इकडे साबूत का वागवावा? आमच्या मते हा परिच्छेद तौलनिक साहित्याच्या वर्गातही शिकवावा. परकी परंपरा उसनी घेणाऱ्याने तिचा शिळा भाग पवित्र मानू नये, हे आपल्या समीक्षेलाही लागू आहे. दुर्दैवाने लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९४९ साली, पुन्हा एका रेल्वे कर्मचाऱ्याच्या मृत्यूच्या प्रकरणात, तो सिद्धान्त येथे चालतो असे ठरविले. अखेर १९५१ साली आपल्या संसदेने दुरुस्ती करून त्याला मूठमाती दिली.

दरम्यान दुसऱ्या वाटेने एक मोठी गोष्ट घडून गेली होती. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला. या कायद्याने ‘चूक कोणाची’ हा प्रश्नच बाजूस ठेवला आणि ‘काम कोणाचे’ एवढेच विचारले. अपघात ‘नोकरीमुळे व नोकरीच्या ओघात’ झाला असेल, तर मालकाने पैसे द्यायचे. मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज नाही. जखमी कामगार नशेत होता किंवा त्याने मुद्दाम नियम मोडला, असा बचाव मालकास काही प्रसंगी घेता येई. पण कामगार मेला असेल तर तोही बचाव नाही. जो उत्तर देऊ शकत नाही त्याच्यावर आरोप ठेवून सुटू नये, असा या तरतुदीचा माणूसपणा आम्हांस वाटतो. अर्थात हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा होता. नांदेड-लातूर सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होते.

रक्कम ठरविण्याची रीत पुढे अशी झाली : मृताच्या मासिक वेतनाचा अर्धा भाग घ्यायचा आणि त्याला वयानुसार ठरलेल्या एका अंकाने गुणायचे. सोळा वर्षांपर्यंतच्या मुलासाठी तो अंक २२८.५४, पस्तिशीच्या माणसासाठी १९७.०६, पासष्टीपुढे ९९.३७. हिशेबात धरायच्या वेतनाला कमाल मर्यादा असे; ती २०१० साली ८,००० रुपये आणि २०२० साली १५,००० रुपये झाली. म्हणजे २०२० नंतर पस्तीस वर्षांचा माणूस गेला आणि त्याचा पगार मर्यादेइतका किंवा अधिक असला, तर आकडा निघे १४,७७,९५० रुपये. आयुष्य दशांश चिन्हानंतरच्या दोन स्थळांपर्यंत मोजणारे हे कोष्टक पाहून आमचे काही सहकारी अस्वस्थ होतात. आमची अस्वस्थता निराळी आहे. कोष्टक रुक्ष आहे, पण ते सर्वांना सारखे आहे, आणि त्यात कोणाच्या मर्जीला वाव नाही. गरिबाला रुक्ष कोष्टक हे दयाळू साहेबापेक्षा अधिक उपयोगी पडते.

त्या विद्यार्थ्याने आमच्याकडे आणलेल्या कागदांवरून हे आम्हांस पटले. त्याचे वडील एका ठेकेदाराकडे रुळांच्या कामावर रोजंदारीने होते आणि रात्रपाळीत गाडीखाली गेले. गाव कोणते, ठेकेदार कोण, हे सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. कागद दोन होते. एक पोलिसांचा पंचनामा, त्यात ‘अकस्मात मृत्यू’. दुसरी ठेकेदाराने करून घेतलेली पावती. तिच्यात एकच लांब वाक्य होते. मयताच्या कुटुंबीयांस माणुसकीच्या नात्याने रोख रक्कम देण्यात येत आहे, अशी त्याची सुरुवात. आणि यापुढे आमची कोणतीही तक्रार राहणार नाही, असा शेवट. वाक्याच्या पूर्वार्धात बोलणारा ठेकेदार आहे. उत्तरार्धातले ‘आमची’ हे सर्वनाम विधवेचे आहे. एका वाक्याच्या पोटात बोलणारे तोंड बदलले, आणि खाली अंगठा मात्र एकटीचाच. निवेदकाचा पालट आम्ही वर्गात कादंबऱ्यांतून शिकवितो. इतका स्वच्छ नमुना आम्हांस कादंबरीत मिळालेला नाही.

कायद्याने या पावतीची तजवीज आधीच करून ठेवली होती, हे वकिलांकडून कळले तेव्हा विद्यार्थ्याइतकेच आम्हीही चकित झालो. मृत्यूच्या प्रकरणात मालकाने भरपाई परस्पर घरच्यांच्या हातात द्यायचीच नाही; ती आयुक्तांकडे जमा करायची आणि आयुक्तांनी वारसांत वाटायची. परस्पर दिलेले पैसे भरपाईत धरले जात नाहीत. फार तर तीन महिन्यांच्या वेतनाइतकी उचल त्यातून वळती होते. हक्क सोडल्याचा करारही रद्दबातल. शिवाय ठेकेदाराच्या माणसाची भरपाई मूळ काम देणाऱ्याकडून मागता येते. त्याने ती ठेकेदाराकडून वसूल करून घ्यावी. १९२३ साली हे कलम लिहिणाऱ्यांस अंगठा कसा घेतला जातो हे पुरते माहीत असले पाहिजे.

अर्ज दाखल झाला, काही वर्षांनी रक्कम जमाही झाली. विद्यार्थ्याच्या आईने आम्हांस सांगितलेले एक वाक्य मात्र त्या निकालात मिटले नाही. ‘‘पैशे तर देले. पन त्या राती काय झालं, ते कुनीच सांगंना.’’

या वाक्याने आम्हांस मराठीतील काही शब्द पुन्हा वाचायला लावले. मराठवाड्यात ‘अनुदान’ हा शब्द निरक्षर माणसालाही पाठ आहे. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने, दुष्काळांनी आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी तो घरोघर नेला. त्याचे पूर्ण नाव ‘सानुग्रह अनुदान’. अनुग्रह हा आपल्याकडे गुरूने शिष्यावर करायचा. त्यात घेणाऱ्याचा हक्क नसतो, देणाऱ्याची कृपा असते. रेल्वेचा कायम कर्मचारी कामावर अपघातात गेला तर त्याच्या कुटुंबास एकरकमी रक्कम मिळते. सातव्या वेतन आयोगानंतर ती २५ लाख रुपये झाली. रक्कम मोठी आहे, पण नाव पुन्हा ‘सानुग्रह’च. वारसास नोकरी मिळते तिचे नाव ‘अनुकंपा’. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली स्पष्ट केले की अशी नोकरी वारसाहक्क नव्हे. कुटुंबावर कोसळलेल्या संकटापुरती ती सवलत आहे. ठेकेदाराच्या पावतीतील ‘माणुसकी’ याच कुळातली. हे सारे शब्द देणाऱ्याचे गुण सांगतात. त्यांच्या तुलनेत ‘भरपाई’ हा प्रामाणिक शब्द आहे : खड्डा पडला, तो भरा. पण खड्डा कसा पडला हे तोही विचारीत नाही.

ते विचारणारा शब्द आपल्याकडे आहे आणि तो रोजच्या वापराचा आहे : जबाबदारी. त्याच्या पोटात ‘जबाब’ आहे, म्हणजे उत्तर. जबाबदार तो, ज्याने उत्तर द्यायचे. कचेरीच्या भाषेत आपण या शब्दाचे भाषांतर पैशांत करून टाकले आणि उत्तर देण्याचा भाग गळून पडला.

जबाबाच्या बाबतीत व्यवस्था काय सांगते? रेल्वे अपघातांच्या चौकशीसाठी रेल्वे सुरक्षा आयुक्त असतात. ते रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अधीन असतात. म्हणजे चौकशी करणारा मालकाच्या हाताखालचा नसावा, एवढी काळजी घेतलेली आहे. परंतु आयुक्तांची चौकशी ज्या ‘गंभीर’ अपघातांत अनिवार्य आहे त्यांची १९९८ च्या नियमांतील व्याख्या प्रवासी गाडीवर बेतलेली आहे. रुळावर गाडीखाली गेलेली माणसे, ती रेल्वेचे कर्मचारी असली तरी, त्या व्याख्येतून वगळलेली आहेत. आयुक्तांना आवश्यक वाटले तर चौकशी होऊ शकते. एरवी खात्यांतर्गत चौकशी. याउलट १९४८ च्या कारखाना कायद्याने कारखान्यातील प्रत्येक मृत्यूची चौकशी एका महिन्याच्या आत बंधनकारक केली होती. लातूरला रेल्वे डब्यांचा कारखाना उभा राहिला आहे; डिसेंबर २०२० मध्ये तेथे पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. डबा घडविताना मरण आले तर चौकशीची सक्ती, आणि तोच डबा पुढे अंगावरून गेला तर नाही, अशी ही विभागणी आहे.

डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील सुरक्षा समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये अहवाल दिला. २००७-०८ पासून ऑक्टोबर २०११ पर्यंत रेल्वेचे सुमारे १,६०० कर्मचारी कामावर मेले आणि ८,७०० जखमी झाले, हा त्यातला आकडा. १३ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे नाशिक जिल्ह्यात लासलगावजवळ रुळाचे काम करणाऱ्या चार जणांना विजेच्या तारांच्या दुरुस्तीच्या गाडीने, टॉवर वॅगनने, चिरडले. ती चुकीच्या दिशेने येत होती, असे तेव्हा सांगण्यात आले. अशा प्रसंगी बहुधा कोणा एका चालकाचे किंवा निरीक्षकाचे निलंबन होते, आणि बातमी तेथे थांबते. हे नवे नाही. ९ जून १८६५ रोजी इंग्लंडात स्टेपलहर्स्ट येथे रूळ काढून काम चालू असताना गाडी आली आणि दहा प्रवासी मेले. मुकादमाने वेळापत्रक चुकीचे वाचले होते, आणि झेंडीवाला जेवढ्या अंतरावर हवा त्याच्या जवळपास निम्म्यावरच उभा होता. तुरुंगात गेला तो मुकादम. त्या गाडीत चार्ल्स डिकन्स होता. पुढच्याच वर्षी त्याने ‘द सिग्नल-मॅन’ ही कथा लिहिली. तिच्यात रेल्वेचा एक कामगार आपल्या कामाच्या जागीच इंजिनाखाली मरतो. आपण ती भुताची कथा म्हणून शिकवितो. ती कामावरच्या मृत्यूची कथाही आहे. त्या माणसाला एकट्याने तेथे कोणी आणि किती तास उभे केले होते, हा प्रश्न आम्ही आता वर्गात विचारतो.

शब्दांचा अर्थ किती ताणावा, याचे एक जवळचे उदाहरण सांगून पुढे जाऊ. लातूरच्या शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीसाठी निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरांवर अपघातात मेला. स्थानिक आयुक्तांनी ३,२६,१४० रुपयांची भरपाई दिली. उच्च न्यायालयाने ती रद्द केली : तो अजून कामावर पोचलाच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये ती पुन्हा दिली. घर ते काम हा प्रवास परिस्थिती, वेळ आणि ठिकाण यांनी कामाशी जोडलेला असेल, तर तो ‘नोकरीच्या ओघात’ येतो, असा निर्वाळा मिळाला. ‘ओघ’ या एका शब्दाचा काठ पाच किलोमीटर सरकायला बावीस वर्षे लागली. १९२३ चा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. कामावर जाण्या-येण्याचा प्रवास तिने स्पष्टपणे आत घेतला आहे.

आणि काठाबाहेर कोण राहते, तेही नांदेड विभागातल्याच रुळांनी दाखविले आहे. ८ मे २०२० च्या पहाटे, टाळेबंदीत, जालन्याहून घराकडे पायी निघालेले मध्य प्रदेशातील सोळा मजूर करमाडजवळ रुळावर झोपले असता मालगाडीखाली मेले. त्यांचे काम बंद होते, म्हणून तो ‘नोकरीचा ओघ’ नव्हे. ते रेल्वेचे नव्हते, म्हणून कायद्याच्या लेखी ते रुळावरचे घुसखोर. दोन्ही राज्य सरकारांनी प्रत्येकी पाच लाख रुपये जाहीर केले. नाव अर्थातच सानुग्रह. मात्र तेथे रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीचा आदेश निघाला. व्याख्येबाहेरच्या मृत्यूचीही स्वतंत्र चौकशी लावता येते, एवढे यातून दिसते.

मग आमचे मागणे फार मोठे नाही. रुळावर काम करताना गेलेल्या प्रत्येक माणसाच्या मृत्यूची, तो कायम असो की ठेक्यावरचा, मालकाबाहेरच्या कोणी चौकशी करावी. आणि त्या अहवालाची प्रत त्याच्या घरी, घरच्यांना कळेल अशा भाषेत, पोचवावी. ही भाषा घडविण्याचे काम मात्र वकिलांपेक्षा आपले, म्हणजे मराठी शिकणाऱ्या-शिकविणाऱ्यांचे आहे. आमच्या त्या विद्यार्थ्याने पदव्युत्तर वर्गात व्यावहारिक मराठीच्या प्रकल्पासाठी अशा अहवालाचा एक नमुना लिहून दिला होता. त्यात रकाने होते : गाडीची वर्दी कोणी दिली, किती वाजता, झेंडी कोठे होती, टोळीस कितवी सलग पाळी होती, ठेकेदारास काम कोणी नेमून दिले होते. प्रत्येक रकान्यातील वाक्य कर्तरी प्रयोगात लिहावे, अशी सूचना त्याने तळटीप म्हणून जोडली होती. आम्ही तो नमुना आता दरवर्षी वर्गात वाटतो.